जळगावातील एक नोकरीपूर्व प्रशिक्षण वर्ग : पगारपत्रकाचा रविवार उत्तम, उच्चारशुद्धीचे तास अनावश्यक

जळगाव, भुसावळ आणि धुळे या शहरांत पदवीच्या शेवटच्या वर्षातील मुलांसाठी नोकरीपूर्व प्रशिक्षणाचे वर्ग आता बरेच झाले आहेत. त्यांपैकी जळगावातील एका वर्गाचा संपूर्ण अभ्यासक्रम मी यंदा मागच्या बाकावर बसून पाहिला. माझ्या भाचीने तेथे प्रवेश घेतला होता, आणि मी येथील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करतो हे कळल्यावर संचालकांनी मला बसण्याची परवानगी दिली. सहा आठवडे, शनिवार आणि रविवार, रोज तीन तास आणि शुल्क ४,५०० रुपये, असे वर्गाचे स्वरूप आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. शिकवणारी माणसे तुकडीगणिक बदलतात आणि अशा वर्गांची माहितीपत्रके एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की हे परीक्षण दुसऱ्या एखाद्या वर्गाची चौकशी करणाऱ्या पालकांनाही उपयोगी पडावे.

परीक्षणाचा निकष आधी सांगितला पाहिजे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाल्यापासून खान्देशातील मुलांना पदवीसाठी पुण्याकडे पाहण्याची गरज उरली नाही, आणि चोपडा, साक्री, नवापूर, रावेर अशा तालुक्यांतून घरातील पहिले पदवीधर मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. या मुलांच्या घरी शेती असते, दुकान असते, कोणी शिक्षक किंवा रेल्वेत असतो. पण खासगी कंपनीत काम केलेले माणूस बहुधा नसते. त्यामुळे कंपनीविषयीची त्यांची सारी कल्पना मोबाइलवरच्या चित्रफितींवरून आणि एक-दोन वर्षे आधी पुण्याला गेलेल्या मित्रांच्या बोलण्यावरून तयार होते. मुलाखतीच्या टेबलावर बसलो की याच समजुती माझ्यासमोर येतात. म्हणून वर्ग किती देखणा आहे यापेक्षा तो यांपैकी किती गैरसमज दूर करतो आणि किती नव्याने भरवतो, एवढेच मी पाहिले.

सर्वांत मोठा गैरसमज पॅकेजचा, म्हणजे कंपनी सांगते त्या वार्षिक मोबदल्याच्या आकड्याचा आहे, आणि या वर्गातील सर्वांत चांगला दिवस त्याच विषयाचा होता. दुसऱ्या आठवड्यातील रविवारी एका कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी फळ्यावर वर्षाला ३,६०,००० रुपयांचे पॅकेज लिहिले आणि महिन्याला हातात किती येतील असे विचारले. बहुतेकांनी ३०,००० सांगितले. त्यानंतर त्यांनी त्या ३०,००० रुपयांचा एकेक भाग वेगळा काढून दाखवला. मूळ वेतन १५,००० असेल तर कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १,८०० रुपये त्यातच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची, म्हणजे ठरावीक सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची, तरतूद सुमारे ७२१ रुपये असते. गटविम्याचा हप्ता ५०० धरला. आणि दहा टक्के, म्हणजे ३,००० रुपये, कामगिरीवर अवलंबून असलेले, वर्षअखेरीस मिळाले तर मिळणारे. उरले २३,९७९. त्यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचे १,८०० रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा झाले, की बँकेत जमा होतात २१,९७९. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. ज्या मुलाने पुण्यात खोलीसाठी आगाऊ भाडे भरण्याची तयारी केली होती, त्याने वहीत तीच बेरीज पुन्हा करून पाहिली.

त्या गृहस्थांनी येथेच थांबून ‘कंपन्या फसवतात’ असे म्हटले असते तर मुलांची टाळी मिळाली असती, पण त्यांनी ते टाळले आणि कापलेला पैसा जातो कोठे हे समजावले. कंपनीच्या १,८०० रुपयांपैकी १,२५० निवृत्तिवेतन योजनेत आणि ५५० भविष्य निर्वाह निधीत जातात. म्हणजे स्वतःचे १,८०० धरून निधीच्या खात्यात दरमहा २,३५० रुपये साठतात. नोकरी बदलली तरी सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) तोच राहतो, आणि निवृत्तिवेतनाचा हक्क दहा वर्षांच्या सेवेवर मिळतो. नोकरी सोडली की निधीतली रक्कम काढून घेण्याची जी रीत आपल्याकडे मित्रामित्रांत पसरली आहे, तिचे नुकसान त्यांनी इतक्या शांतपणे सांगितले, की आमच्या कारखान्यातल्या जुन्या कामगारांनाही हा तास ऐकवावा असे मला वाटले.

या तासाच्या छापील टिपणात मात्र दोन चुका आहेत आणि संस्थेने त्या पुढच्या तुकडीपूर्वी दुरुस्त कराव्यात. पहिली व्यवसाय कराची. महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून हा कर माफ आहे, त्यामुळे वरच्या उदाहरणातील जागेवर मुलगी असेल तर तिच्या खात्यात २१,९७९ नव्हे तर २२,१७९ रुपये आले पाहिजेत. अर्धा वर्ग मुलींचा असताना सर्वांना एकच कपात शिकवणे योग्य नाही. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० रुपये कापले जातात आणि वर्षाची बेरीज २,५०० होते, हेही टिपणात नाही. परिणामी पहिल्या वर्षी फेब्रुवारीचे पगारपत्रक पाहून मुले आमच्याकडे तक्रार घेऊन येतात. दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सेवा लागते असे टिपणात सरसकट म्हटले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता, म्हणजे केंद्राचे नवे एकत्रित कामगार कायदे, लागू झाल्या आणि त्यानुसार ठरावीक मुदतीच्या करारावर काम करणाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतरही प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळते. पाच वर्षांची अट कायम कर्मचाऱ्यांसाठी राहिली आहे. आज नव्या पदवीधरांपैकी अनेकांना पहिली नोकरी मुदतीच्या करारावरच मिळते, तेव्हा त्यांना आपला हक्क चुकीचा शिकवला जाणे ही किरकोळ गोष्ट मानता येणार नाही. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा, हा याच संहितांमधला नियमही एका वाक्यात सांगता आला असता.

करारपत्राचा तास दुसऱ्या प्रशिक्षकाने घेतला आणि तो मला पटला नाही. ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही अशा लेखी हमीला बाँड म्हणतात; ‘बाँडला कायद्यात काही किंमत नाही, निर्धास्त सही करा’ असे त्यांनी मुलांना सांगितले. हा सल्ला आपल्या भागात फार लोकप्रिय आहे आणि तो धोक्याचा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यानंतर माणसाला त्याचा धंदा किंवा काम करण्यापासून रोखणारा करार सामान्यतः टिकत नाही, हे खरे आहे. पण ठरावीक काळ काम करण्याची आणि आधी सोडल्यास ठरलेली भरपाई देण्याची अट ही निराळी बाब आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तेव्हा मुलांना सांगायला हवे ते असे, की मुदत किती, रक्कम किती, ती कोणत्या प्रशिक्षणाच्या खर्चापोटी, हे वाचा, समजले नाही तर विचारा आणि मगच सही करा. मूळ गुणपत्रिका व प्रमाणपत्रे कंपनीकडे ठेवायला मागितली तर देऊ नका, साक्षांकित प्रती द्या, हेही त्याच तासात यायला हवे होते.

यानंतर ज्या तासाचे मी मनापासून कौतुक करतो तो चौथ्या आठवड्यातला. कंपनीत साहेब म्हणजे वर्गशिक्षक, त्यांनी विचारले तर उत्तर द्यायचे, स्वतःहून तोंड उघडायचे नाही आणि अडचण आली तर गप्प राहून रात्री जागून ती सोडवायची, असे आपली मुले धरून चालतात. शाळा-महाविद्यालयात त्यांना हेच शिकवले गेलेले असते, त्यामुळे दोष त्यांचा नाही. कंपनीत मात्र या गप्प राहण्याचे फार मोठे मोल मोजावे लागते. त्या दिवशी प्रशिक्षक मॅडमनी प्रत्येकाला एक प्रसंग दिला: गोदामातील तीनशे नोंदी चार वाजेपर्यंत तपासून द्यायच्या आहेत, तीन वाजले आहेत आणि काम पूर्ण होणार नाही, साहेबांना निरोप लिहा. आलेले निरोप जवळजवळ एकसारखे होते: ‘सर, माफ करा, थोडा उशीर होईल.’ मॅडमनी एकालाही नावे ठेवली नाहीत. त्यांनी फक्त विचारले, की हा निरोप वाचून साहेबांनी पुढे काय करायचे? त्यांना ट्रक थांबवायचा आहे की सोडायचा आहे, हे यातून कळते का?

मग प्रत्येकाने तो निरोप पुन्हा लिहिला, आणि ज्यांचा जमला नाही त्यांनी तिसऱ्यांदा लिहिला. माझ्या भाचीचा शेवटचा मजकूर असा होता: ‘सर, तीनशेपैकी दोनशे दहा नोंदी तपासून झाल्या आहेत. गोदामाकडून यादी दुपारी एक वाजता मिळाल्यामुळे उरलेल्या नव्वद उद्या अकरापर्यंत होतील. झालेल्या दोनशे दहा आत्ता पाठवू का?’ आमच्या कारखान्यात वर्षभर काम करूनही ज्यांना असा निरोप लिहिता येत नाही असे अभियंते आहेत. किती झाले, किती राहिले, का राहिले, कधी होईल आणि आता काय हवे, एवढे पाच मुद्दे स्वतःहून आणि वेळेआधी कळवणारा नवा मुलगा तीन महिन्यांत विश्वासाचा होतो, आणि उत्तम गुण मिळवून गप्प राहणारा परिवीक्षेच्या (प्रोबेशनच्या) मुदतीनंतरही वाढीव काळावर राहतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ‘चांगले काम केले की ते आपोआप दिसते’ ही समजूतही याच अभ्यासाने ढिली पडते, कारण वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी साहेबांसमोर मेहनतीची आठवण नसते, लिहिलेली नोंद असते. या तासाला तीन तासांऐवजी दोन पूर्ण दिवस द्यावेत, अशी सूचना मी संचालकांना लेखी केली आहे.

ते दोन दिवस कोठून काढायचे, याचे उत्तरही वर्गातच आहे. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या नावाखाली हस्तांदोलन, टायची गाठ, चेहऱ्यावरचे हसू आणि इंग्रजी उच्चार यांवर पाच सत्रे खर्च झाली. इंग्रजीला माझा विरोध नाही. मेल वाचता यावी, चार ओळींचे उत्तर लिहिता यावे, यंत्राची पुस्तिका समजावी, एवढे इंग्रजी हवेच आणि ते शिकवता येते. पण कंपनीत बोलके इंग्रजी असले म्हणजे सारे जमते आणि नसले म्हणजे काहीच जमत नाही, ही जी भीती खेड्यातला मुलगा मनात घेऊन येतो, तिला या सत्रांनी खतपाणीच घातले. एका प्रशिक्षकाने तर ‘तुमच्या बोलण्यातली अहिराणी आधी काढून टाका’ असे पारोळ्याकडच्या एका मुलाला सर्वांसमोर सांगितले, आणि तो मुलगा त्यानंतर दोन्ही दिवस बोलला नाही.

याबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. येथील कारखान्यांत यंत्रावर उभा असलेला माणूस मराठी, हिंदी, अहिराणी किंवा लेवा बोलीत बोलतो. रात्रपाळीचा ऑपरेटर ‘मशीन आवाज करी ऱ्हायनं’ म्हणतो, तेव्हा तो कोणता आवाज, कधीपासून आणि कोणत्या कामानंतर, हे त्याच्याकडून काढून घेणारा अभियंता त्याच्या बोलीत विचारणारा असेल तर बिघाड तासाभरात सापडतो. अहवाल इंग्रजीत लिहायचा, बैठकीत प्रमाण मराठी किंवा हिंदी वापरायची, आणि यंत्रापाशी अहिराणी बोलायची, हे तिन्ही ज्याला येते त्याची किंमत कंपनीला अधिक असते. मुलांकडून एक भाषा काढून घेण्याऐवजी केव्हा कोणती वापरावी एवढे शिकवावे.

याच दोषाचा दुसरा भाग असा, की वर्गातील सगळी उदाहरणे हिंजवडीची होती. कॉर्पोरेट म्हणजे काचेची इमारत, संगणक आणि पाच दिवसांचा आठवडा, हे चित्र प्रशिक्षकांनी कोठेही बदलले नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप, ठिबक सिंचनाचे साहित्य, प्लास्टिकच्या चटया, डाळ यांचे उद्योग आहेत. भुसावळ आणि वरणगाव येथे आयुध निर्माणी आहेत. दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. शिरपूरला कापड उद्योग आहे. खरेदीची मागणी, गुणवत्तेची तपासणी, लेखापरीक्षण, सुरक्षेचे नियम, संगणकावरील साठ्याची नोंद, या सर्व पद्धती मोठ्या कारखान्यांत इथेही तशाच चालतात. पाळ्या असतात, आठवडा बहुधा सहा दिवसांचा असतो आणि साहेब खाकी गणवेशात यंत्रापाशी उभे असतात, एवढाच फरक. वर्गाने एक दिवस वसाहतीतील एखाद्या कारखान्याला भेट ठेवली असती, तर बाहेर गेल्याशिवाय करिअर नाही ही समजूत निदान तपासली गेली असती. हातात २२,००० रुपये घेऊन पुण्यात खोलीचे भाडे, मेस आणि सणासुदीला महाराष्ट्र एक्सप्रेसचे तिकीट भरणे, आणि १७,००० घेऊन घरी राहून जळगावात काम शिकणे, यांचा हिशेब प्रत्येक घरासाठी वेगळा येईल. तो कागदावर मांडून दाखवणे वर्गाचे काम होते. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खाली पदवीधरांनाही विद्यावेतनासह वर्षभर काम शिकता येते, याचा उल्लेखही झाला नाही. त्यानंतर तीच कंपनी कायम करेलच असे नाही, हेही सोबत सांगायला हवे, कारण या एका अपेक्षेपायी बरीच मुले पुढे निराश होतात.

एक उणीव मी गंभीर मानतो. मनुष्यबळ विभागाविषयी वर्गात ‘तुमची काळजी घेणारा विभाग’ असे सांगण्यात आले. मी त्याच विभागात आहे म्हणून सांगतो: आम्ही कंपनीचे काम करतो, कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकणे हा त्या कामाचा भाग आहे, आणि काही बाबतींत कायदा आम्हाला बांधून ठेवतो. मुलींना नेमकी तीच बाब माहीत हवी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक करतो; त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती असते; तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. सहा आठवड्यांत यावर एक शब्दही निघाला नाही. शेवटच्या दिवशी भाचीने उठून विचारले तेव्हा ‘तो विषय नोकरी लागल्यावर कळेल’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही.

पालकांसाठी ठेवलेली शेवटच्या रविवारची बैठक मात्र चांगली कल्पना आहे. सरकारी नोकरी पक्की आणि कंपनीतली कच्ची, या धारणेमुळे मुले पहिल्या नोकरीत असतानाच स्पर्धा परीक्षेच्या चिंतेत असतात आणि दोन्हीकडे अर्धी राहतात. लेखा विभागाच्या त्याच गृहस्थांनी पालकांपुढे दोन्ही वाटांचा हिशेब मांडला, आणि कोणत्याही एका बाजूला त्यांना ओढले नाही.

जाहिरातीतील ‘शंभर टक्के नोकरी साहाय्य’ या शब्दांवर विसंबून कोणी प्रवेश घेऊ नये. प्रत्यक्षात मुलाखती झाल्या त्या कर्जवसुली, विमाविक्री आणि कॉल सेंटरच्या जागांसाठी. ही कामे प्रामाणिक आहेत, पण अभियांत्रिकीच्या किंवा रसायनशास्त्राच्या पदवीधराला ती आधी सांगायला हवीत. एका बाहेरच्या मध्यस्थाने मुलाखतीनंतर नोंदणीच्या नावाने पैसे मागितले, तेव्हा संस्थेने त्याला लगेच बाहेर काढले, ही संस्थेच्या बाजूची नोंद. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून अनामत मागणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

शुल्क दोन हप्त्यांत घेतात आणि पावती देतात. पुढची तुकडी विद्यापीठाच्या परीक्षा संपल्यावर सुरू होते. पूर्ण वर्ग नको असेल तर पगारपत्रकाचा रविवार आणि चौथ्या आठवड्याचा तास यांना प्रत्येकी ५०० रुपये भरून बसू देतात. कार्यालयात विचारल्याशिवाय हे सांगत नाहीत, म्हणून आवर्जून विचारावे.